टाक्या साफ करून देतो, पण हँडबिलावर नेमकं काय लिहू?

टाकीसफाई_धायरी

नमस्कार मंडळी. माझा पाण्याच्या टाक्या साफ करून द्यायचा व्यवसाय आहे. मी, माझा मेहुणा आणि हाताखाली दोन मुलं, असे चौघे. पुण्यातला धायरी, नऱ्हे, वडगाव, आनंदनगर हा आमचा भाग. सहा वर्षं झाली. ज्या सोसायटीत एकदा काम केलं तिथून सहसा पुन्हा बोलावणं येतं. पण नवीन सोसायट्या मिळेनात, म्हणून गेल्या महिन्यात २००० हँडबिलं छापली आणि दोन रविवार पेपरमधून टाकली. छपाई आणि पेपरवाल्याचे मिळून साडेचार हजार गेले. फोन आले तीन. त्यातला एक जण सोफा धुता का म्हणून विचारत होता.

हँडबिलावर हे होतं:

"शुद्ध पाणी, निरोगी जीवन! अत्याधुनिक तंत्रज्ञान. अनुभवी व तज्ज्ञ कामगार. १०० टक्के जंतुमुक्त टाकी. वाजवी दर. तत्पर सेवा. आजच संपर्क साधा."

आता छापखानेवाला म्हणतो, वर दवाखान्यातल्या लहान मुलाचा फोटो टाक, सलाईन लावलेला, आणि खाली मोठ्या लाल अक्षरांत "तुमची टाकीच तुमच्या मुलाला आजारी पाडते आहे का?" म्हणजे फोन खणखणतील.

जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, हातापायातली ताकद घालवणारा नसांचा आजार) साथ आली तेव्हा पुण्याजवळचं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ही आमचीच गावं पेपरात होती. तेव्हा काहीही न छापता दिवसाला आठ-आठ फोन यायचे. रात्री नऊ-नऊपर्यंत टाक्या केल्या. पण आमच्याच गल्लीतला एक मुलगा तेव्हा व्हेंटिलेटरवर होता. बरा झाला, तरी अजून जिना चढताना कठडा धरतो. त्याची आई मला रोज दिसते. तो फोटो छापून तिच्या दारात टाकायला माझा हात होत नाही. आणि पुन्हा साडेचार हजार पाण्यात घालायची ऐपतही नाही.

तर काय लिहू? भीती घालावी का? दर छापावा का? मराठीत लिहू की इंग्रजीत?

गारवा_एसी

दादा, मी एसी-फ्रिज दुरुस्तीत आहे, पिंपरीत. माझं मत छापखानेवाल्यासारखंच. माणूस घाबरल्याशिवाय खिशात हात घालत नाही. आणि तुम्ही खोटं थोडंच सांगताय? घाण टाकीतून रोग होतोच की.

दुसरं, हँडबिलाचा नाद सोडा, व्हॉट्सॲप धरा. पण एक ध्यानात ठेवा. ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेला मेसेज ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच पोचतो, आणि एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात. मी दोन वर्षं मेसेज पाठवत होतो आणि निम्म्या लोकांना ते जातच नव्हते. आता काम संपलं की गिऱ्हाइकासमोर उभा राहून माझा नंबर "एसीवाले" नावाने सेव्ह करून घेतो, मगच निघतो. माझं दुकानाचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, एसीवाले राहतं.

खिडकी नंबर तीन

धायरीचे दादा, मी साताऱ्यात एका दैनिकाच्या कचेरीत छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर एकोणीस वर्षं बसले. आता घरूनच छोट्या व्यावसायिकांना मजकूर लिहून देते. तुमचं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

छोट्या जाहिरातीत शब्दांवर पैसे असायचे. माणूस चिठ्ठी घेऊन यायचा, मी पेन्सिलीने शब्द मोजायची, आणि ठरलेल्या शब्दांच्या वर गेलं की जादा आकार. मग उभ्या उभ्या शब्द कापायची वेळ यायची. एक नळकाम करणारे काका होते. त्यांच्या पहिल्या चिठ्ठीत होतं, "सर्व प्रकारची प्लंबिंगची कामे खात्रीशीर व माफक दरात करून मिळतील." पैसे कमी पडत होते. मी विचारलं, काका, लोक तुम्हाला बोलवायला येतात तेव्हा पहिलं वाक्य काय बोलतात? काका म्हणाले, "रविवारचं कुणी यायला तयार नाही, तुम्ही येता का, असंच विचारत्यात." मग आम्ही छापलं: "नळ गळतोय? रविवारीही येतो. मंगळवार पेठ ते गोडोली." आणि खाली नंबर. पैसेही कमी लागले. दुसऱ्या आठवड्यात काका आले आणि म्हणाले हीच चार रविवार लावा. पुढे कित्येक वर्षं त्यात एक शब्द बदलला नाही.

तेव्हापासून मी आलेल्या प्रत्येक चिठ्ठीला एक गोष्ट करून बघते. धंद्याचं नाव झाकायचं आणि दुसऱ्याच धंद्याचं नाव तिथे ठेवायचं. तुमच्या हँडबिलात "टाकी" झाकून "सोफा" ठेवा. अत्याधुनिक तंत्रज्ञान, अनुभवी कामगार, वाजवी दर, तत्पर सेवा, सगळं जसंच्या तसं बसतं. तो सोफ्याचा फोन तुम्हाला त्यामुळेच आला. वाचणाऱ्याला एवढंच कळलं की कोणीतरी काहीतरी धुतं.

आता भीतीचं. गारवा दादा म्हणतात तसं, घाबरलेला माणूस फोन करतो हे खरं. पण तो समोर पहिला जो नंबर दिसेल त्याला करतो, आणि एकदाच करतो. जानेवारीतल्या त्या आठ-आठ फोनांपैकी किती सोसायट्यांनी सहा महिन्यांनी तुम्हाला पुन्हा बोलावलं, वहीत बघा. माझा अंदाज आहे, फार थोड्या.

त्याहून मोठी गोष्ट अशी की तुम्ही टाकी साफ करता, पाण्याचा उगम नाही. टाकी आरशासारखी लख्ख केलीत आणि दुसऱ्या दिवशी विहिरीचं किंवा टँकरचं दूषित पाणी आत आलं, तर ते दूषितच राहणार. म्हणजे तो लाल अक्षरांतला मजकूर जे वचन देतो ते पाळणं तुमच्या हातातच नाही. त्या मुलाच्या आईसमोर जे वाक्य तुम्हाला मोठ्याने वाचता येत नाही ते छापू नका. तुमचं मन तुम्हाला बरोबर सांगतंय.

"१०० टक्के जंतुमुक्त" तर आजच काढा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि जून २०२२ मध्ये अशा जाहिरातींबद्दल वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही आली आहेत. जो दावा कराल तो सिद्ध करायची जबाबदारी तुमची. शंभर टक्के तुम्ही कसं सिद्ध करणार?

त्याऐवजी डोळ्यांना दिसेल असं काहीतरी द्या. माझे वडील ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करायचे. टीसीएल पावडर, म्हणजे पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर, टाकली की घराघरांतून फिरून ओटी टेस्ट घ्यायचे. काचेच्या नळीत नळाचं पाणी, त्यात औषधाचे थेंब, आणि पाणी पिवळं झालं की क्लोरीन पोचलं. मी लहानपणी मागेमागे हिंडायची. सगळ्यात शेवटच्या घरच्या आजी नळी उजेडाकडे धरून बघायच्या आणि "आलं गं पिवळं" म्हणून सुनेला हाक मारायच्या. त्यांना क्लोरीनचा अर्थ सांगावा लागला नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं आपलं मानक सांगतं, आणि तेवढं आहे की नाही हे ती नळी दाखवते.

तुम्ही काम संपल्यावर, टाकी भरल्यावर, सेक्रेटरींच्या समोर ही टेस्ट करता का? करत नसाल तर सुरू करा. औषध फार महाग नसतं. पण ही टेस्ट फक्त क्लोरीन दाखवते, बाकी काही नाही, हेही सांगायचं. आणि बोअरचं पाणी असेल तर नळी पिवळी होणार नाही, ते आधीच सांगून ठेवायचं. असं आधी सांगणाऱ्या माणसावर विश्वास बसतो.

दर छापा. फोन थोडे कमी येतील, पण येतील ते दर वाचून येतील. भाषेचं म्हणाल तर एका बाजूला मराठी, मागे इंग्रजी. तुमच्या भागात बाहेरून आलेले आयटीवाले भाडेकरू पुष्कळ आहेत. पण आधी मराठी नीट होऊ द्या.

आणि एक काम करा. शेवटच्या वीस फोनांत समोरच्याने पहिलं काय विचारलं ते आठवून इथे लिहा. शब्द त्यांचेच ठेवा, सुधारू नका.

टाकीसफाई_धायरी

ताई, वही काढून बसलो. मेहुण्यालाही विचारलं. वीस नाही, पण हे आठवले:

"पाणी किती वेळ बंद राहणार?" (हे जवळजवळ प्रत्येकाचं.)
"किती घेता?"
"खालची टाकी पण करता ना? मागचे फक्त वरची करून गेले."
"आमची टाकी किती लिटरची आहे ते आम्हालाच माहीत नाही."
"पाणी सगळं फेकून द्यावं लागेल का?"
"टाकीत उतरणारी माणसं स्वच्छ असतात ना?"
"मागच्या वेळी कधी झाली कोणास ठाऊक, जुने सेक्रेटरी सोडून गेले."

जंतूंबद्दल एकानेही विचारलं नव्हतं. हे लिहून काढेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

जानेवारीचं ताई तुम्ही म्हणालात ते बरोबर. त्या महिन्यात ६१ कामं केली, त्यातली पुन्हा आली फक्त ७. ओटी टेस्ट आम्ही करत नाही, पण गावाकडे बघितली आहे. किट आणतो.

सेक्रेटरी_बी_विंग

मी आंबेगाव बुद्रुकमधल्या ५६ सदनिकांच्या सोसायटीचा सेक्रेटरी. तुमचं हँडबिल ज्याच्यापर्यंत पोचायला हवं तो माणूस मी आहे, म्हणून माझी बाजू सांगतो.

पेपरमधलं हँडबिल माझ्या घरात पेपरबरोबर रद्दीत जातं. टाकीचा निर्णय मी एकटा घेत नाही, कमिटीपुढे तीन कोटेशनं ठेवावी लागतात. त्यामुळे मला असा एक कागद हवा असतो जो मी जसाच्या तसा मीटिंगमध्ये टेबलावर ठेवू शकेन, आणि खजिनदारांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यातच असतील. २००० हँडबिलांपेक्षा ४० सोसायट्यांच्या सेक्रेटरींच्या नावाने ४० पाकिटं वॉचमनकडे दिलीत तर तुमचे पैसेही वाचतील. आमच्याकडे वर्षाचं बजेट सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेत मंजूर होतं, तेव्हा पाकीट ऑगस्टमध्ये आलं तर उत्तम.

आता एक गोष्ट, जी मी कधी विसरणार नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याला बोलावलं. त्याने खालच्या टाकीत एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा एकटाच उतरवला आणि ठेकेदार स्वतः चहाला गेला. वॉचमनला आतून काही आवाज येईना म्हणून त्याने मला हाक मारली. मुलगा आत भिंतीला टेकून बसला होता, डोळे उघडे, पण उत्तर देईना. तिघांनी मिळून वर ओढला. बाहेर हवेवर आल्यावर दहा मिनिटांनी बोलायला लागला. जमिनीखालची बंद टाकी, एकच झाकण उघडं, आत हवा नाही, आणि वर त्या तीव्र औषधाचा वास. तो मुलगा आमच्या आवारात मेला असता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून मी कोटेशनमध्ये पहिलं हेच शोधतो की आत कोण उतरणार, त्याच्या कमरेला दोर असेल का आणि वर कोण उभं राहणार. आजवर आलेल्या एकाही कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. "सुरक्षिततेला प्राधान्य" एवढंच असतं. तुम्ही हे लिहिलंत तर मी दर थोडा जास्त असला तरी कमिटीत तुमच्या बाजूने बोलेन.

आणि बिलाचं. उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणी नसेल तर तसं स्पष्ट लिहा. आमचे ऑडिटर विचारतात.

टाकीसफाई_धायरी

काका, वाचून अंगावर काटा आला. आम्ही खालच्या टाकीची सगळी झाकणं उघडून पंखा लावतो, अर्धा-पाऊण तास हवा खेळू देतो, मगच माणूस उतरतो. दोर असतो. मेहुणा झाकणापाशी बसून राहतो, फोन आला तरी उठत नाही. आम्हाला यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. काम करायची पद्धतच ती.

ताई, कच्चा मजकूर केला आहे:

"माननीय सेक्रेटरी साहेब, सप्रेम नमस्कार. आमची संस्था गेली ६ वर्षे जलशुद्धतेच्या क्षेत्रात कार्यरत असून आम्ही सुरक्षिततेला सर्वोच्च प्राधान्य देतो. पाणी बंद राहण्याचा कालावधी अत्यल्प असतो. वरील व खालील दोन्ही टाक्या स्वच्छ केल्या जातात. काम झाल्यावर ओटी टेस्ट करून दाखवली जाते. दर लिटरप्रमाणे. कृपया सेवेची संधी द्यावी."

खिडकी नंबर तीन

दादा, माल सगळा आला आहे, पण तुम्ही त्याला कोट चढवलात. सेक्रेटरी काकांना उत्तर देताना जसं लिहिलंत, "मेहुणा झाकणापाशी बसून राहतो, फोन आला तरी उठत नाही", तसंच कागदावर लिहा. सहा वर्षं सांगायची तर शेवटी सांगा. "केल्या जातात, दाखवली जाते" असं लिहिलं की करणारा माणूस दिसेनासा होतो. तुमच्या कामात माणूस दिसणं फार महत्त्वाचं आहे, कारण तो त्यांच्या पिण्याच्या पाण्यात उतरणार आहे.

"अत्यल्प" काढून घड्याळातली वेळ लिहा. किती वाजता सुरू, किती वाजता मोटर चालू.

मी असं मांडेन. खरं नसेल ते बदला, आणि जे करत नाही ते ठेवू नका.

"तुमच्या टाकीची शेवटची सफाई कधी झाली, ते कुठे लिहून ठेवलं आहे का?

पाणी किती वेळ बंद? सकाळी ९ ला सुरू करतो, दुपारी ३ ला मोटर चालू करून देतो. उशीर झाला तर कारण नोटीस बोर्डवर लिहितो.

पाणी वाया जातं का? आदल्या रात्री मोटर बंद ठेवा आणि आहे ते पाणी वापरा. तळाशी उरलेलं गढूळ होण्याआधी आम्ही बागेला सोडतो.

टाकीत कोण उतरतं? आमचीच माणसं, धुतलेल्या बुटांनी. खालच्या टाकीची सगळी झाकणं उघडून पंख्याने हवा खेळवतो, मगच कमरेला दोर बांधून एक जण उतरतो. दुसरा झाकणापाशी बसून राहतो, तो फोन आला तरी उठत नाही.

काम नीट झालं हे कसं कळेल? निघालेला गाळ बादलीत तुम्हाला दाखवतो. आतले फोटो आधीचे आणि नंतरचे, तुमच्याच टाकीचे. टाकी भरल्यावर नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट तुमच्यासमोर. (क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. बोअरच्या पाण्यात होत नाही.)

दर: १००० लिटरची सिंटेक्स ७०० रुपये. सिमेंटची टाकी लिटरला २० पैसे, कमीत कमी २५०० रुपये. जीएसटी नाही, रीतसर बिल मिळेल.

टाकी किती लिटरची ते माहीत नाही? लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये व्हॉट्सॲप करा, लिटर आणि रक्कम आम्ही कळवतो."

दर मी अंदाजाने घातले आहेत, तुमचे घाला. "आजच संपर्क साधा" मुद्दाम ठेवलं नाही. मापं पाठवा म्हटलं की वाचणाऱ्याला करण्यासारखं एक सोपं काम मिळतं, आणि मापं आली की बोलणं आपोआप सुरू होतं. वरच्या मथळ्याचा प्रश्न त्या जुन्या सेक्रेटरींच्या फोनवरून घेतला आहे. त्याच्या जोडीला काम झाल्यावर टाकीच्या झाकणाशेजारी ऑइलपेंटने तारीख लिहीत जा, खाली तुमचा नंबर.

गारवा_एसी

ताई, मी माझं मत मागे घेतो. माझं कार्ड काढून "एसी"च्या जागी "टाकी" ठेवून बघितलं. सगळं बसलं. मीही फोनांची वही काढतो.

टाकीसफाई_धायरी

दर अगदी थोडे इकडे-तिकडे आहेत, सिमेंटच्या टाकीचा तर तोच. एक ओळ वाढवतो: "गुरुवारी पालिकेचं पाणी बंद असेल त्या आठवड्यात बुधवारी आणि गुरुवारी काम घेत नाही, कारण टाकी परत भरणार नाही." हे आम्हाला ठेच लागून कळलं. एका सोसायटीची टाकी बुधवारी रिकामी केली आणि त्यांना दोन दिवस टँकर मागवावा लागला. तेव्हा टँकरचे पैसे आम्ही भरले.

काल संध्याकाळी हा मजकूर त्या मुलाच्या आईला वाचायला दिला. त्यांनी सगळा वाचला. मग म्हणाल्या, "आमच्या बिल्डिंगवर तारीख नाही लिहिलेली, मी गच्चीत बघून आले." रविवारी त्यांची टाकी करतोय. पैसे घेणार नव्हतो, त्या ऐकेनात.

४० पाकिटं शनिवारी छापायला देतो. कोणाला काही खटकलं तर त्याआधी सांगा.

सेक्रेटरी_बी_विंग

खटकलं एकच. "धुतलेल्या बुटांनी" ऐवजी "फक्त टाकीसाठी ठेवलेल्या गमबुटांनी" असं असेल तर तसं लिहा. आमच्या महिला सदस्य हाच प्रश्न विचारतात. आणि खालच्या टाकीचं वाक्य जरा ठळक छापा.

आमची मापं पाठवतो. खालची ६ बाय ४ बाय २ मीटर. वरची ५ बाय ३ बाय १.६.

टाकीसफाई_धायरी

गमबूट वेगळेच आहेत काका, पांढरे. तसं लिहितो.

खालची ४८,००० लिटर, ९६०० रुपये. वरची २४,००० लिटर, ४८०० रुपये. दोन्ही एकाच दिवशी केल्या तर मोटर तीनऐवजी पाचला चालू होईल, तेवढं आधी नोटीस बोर्डवर लावायला हवं. नोटीस मी लिहून आणतो.